सगळं गावच सुतकात असेल, तर पिठलं-भाकरी कुणी आणायची?

महापूर, महासाथ, भूकंप : शेकडो घरांवर एकदम कोसळणारं दुःख माणसं पचवतात कशी? किल्लारीपासून कच्छपर्यंतचा अनुभव काय सांगतो?

मराठी घरात कुणी गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारहून पिठलं-भाकरी येते. कुणी चहाची किटली आणतं, कुणी लहान पोरांना आपल्या घरी नेतं, कुणी लाकडांची आणि गाडीची व्यवस्था बघतं. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. मुस्लिम घरांत जियारत असते, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा असते. विधी वेगवेगळे असले तरी त्यांतून होणारं काम एकच : दुःखाच्या घरात माणसांची ये-जा चालू ठेवायची आणि त्या घराला एकटं पडू द्यायचं नाही.

पण ही सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे. दुःख एका घरात असतं आणि बाकीचं गाव सावरलेलं असतं. शेजारी रडत नसतो, म्हणून तर तो भाकरी थापू शकतो. ज्या दिवशी अख्खी गल्ली, अख्खं गाव एकाच वेळी सुतकात जातं, त्या दिवशी भाकरी आणायची कुणी? सामूहिक दुःखाचा सगळा पेच या एका प्रश्नात आहे.

सीमाभागानं हा पेच गेल्या काही वर्षांत दोनदा जवळून पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्या एकाच वेळी फुगल्या. सांगली-कोल्हापूरपासून चिक्कोडी-गोकाकपर्यंत गावंच्या गावं पाण्यात गेली. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच कोविड आला. महाराष्ट्रात सरकारी नोंदीनुसारच सुमारे १ लाख ४८ हजार माणसं गेली. देशाचा अधिकृत आकडा पाच लाखांच्या वर आहे. या दोन्ही वेळी शेजारी शेजाऱ्याच्या मदतीला जाऊ शकत नव्हता : एकदा दोघांच्याही घरात पाणी होतं म्हणून, दुसऱ्यांदा दार ओलांडायलाच बंदी होती म्हणून.

एका घराचं दुःख, गावाचं दुःख : फरक काय?

एका घरावर संकट येतं तेव्हा बाकीचं जग जागेवर असतं. शाळा भरते, दूधवाला येतो, कट्ट्यावर तीच माणसं बसलेली असतात. या रोजच्या रहाटगाडग्याला धरूनच दुःखी माणूस हळूहळू उभा राहतो.

सामूहिक आपत्तीत माणसांबरोबर हे रहाटगाडगंही जातं. घर, शेत, जनावरं, शाळा, देऊळ, मशीद, दुकान आणि उधारीची वहीसुद्धा. शोक करायला जागा उरत नाही आणि वेळही उरत नाही. पंचनामा, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले यांच्या मागं धावावं लागतं. रडणं पुढं ढकललं जातं.

आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येकाचं गेलेलं असल्यामुळं आपल्या दुःखाबद्दल बोलायचा संकोच वाटतो. ‘शेजारच्या घरातले चौघे गेले, आपला एकच गेला, मग आपण काय रडायचं?’ असा हिशेब मनात सुरू होतो. वाचलेल्याला आपण वाचल्याचंच ओझं होतं. मानसोपचाराच्या भाषेत याला वाचलेल्यांची अपराधी भावना म्हणतात. तो वेडेपणा नाही आणि कमजोरीही नाही. आपत्तीतून वाचलेल्या माणसांत ती सर्रास आढळते.

किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३

हे सगळं नीट समजून घ्यायचं तर किल्लारीकडं बघावं लागतं. मराठी मुलखातला तो मोठा आणि बराच अभ्यासला गेलेला सामूहिक शोक आहे.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला उमरगा तालुका यांना सर्वाधिक फटका बसला. सरकारी नोंदीनुसार मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. सोळा हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली आणि ५२ गावं जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाली. हादरे हैदराबादपर्यंत जाणवले. हा पट्टा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. बिदर, गुलबर्गा, हैदराबादकडं इथल्या लोकांच्या सोयरिकी होत्या, त्यामुळं ते दुःख एका राज्यापुरतं राहिलं नाही.

माणसं मारली ती घरांनीच. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ही घरं पिढ्यान्‌पिढ्या आसरा होती, तीच झोपलेल्या माणसांवर पडली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, या भागात लहान धक्के बसून गेले होते. ज्या ठिकाणी अशी पूर्वसूचना मिळून गेलेली असते, तिथं ‘तेव्हाच घर सोडलं असतं तर’ हा सल वर्षानुवर्षं माणसाचा पिच्छा सोडत नाही.

किल्लारीत त्यानंतर काय चुकलं आणि काय जमलं, त्यातून तीन गोष्टी दिसतात. माणसाला तीन गोष्टी परत लागतात : निरोप, शेजार आणि हाताला काम. या तिन्ही मिळतात तिथं दुःख सोसवतं. एखादी राहिली तर पक्क्या घरातही माणूस अस्वस्थच राहतो.

पहिली गोष्ट : निरोप

किल्लारी परिसरात मृतांची संख्या इतकी होती की एकेकाचे अंत्यसंस्कार करणं शक्यच नव्हतं. सामुदायिक चिता पेटवाव्या लागल्या, आणि त्याही पावसात. आपलं माणूस नेमकं कुठल्या चितेवर गेलं, हे अनेकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा घाईमागं रोगराईची भीती असते. पण नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्यांच्या मृतदेहांमुळं साथ पसरण्याचा धोका फार कमी असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि रेडक्रॉस यांची मार्गदर्शक पुस्तिका सांगते. त्यामुळं शक्य तिथं आधी फोटो काढा, अंगावरचे दागिने आणि कपडे यांची नोंद करा, ओळख पटवा आणि मगच अंत्यविधी करा, असा त्यांचा आग्रह असतो. कारण ज्याचं शेवटचं दर्शन झालं नाही, त्याची वाट मन बघतच राहतं. दार वाजलं की काळजात धस्स होतं. अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी अशा अवस्थेला ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल असं नाव दिलं : माणूस समोर नसतो, पण त्याच्या जाण्यावर शिक्का बसलेला नसतो.

कोविडमध्ये हेच लाखो घरांच्या वाट्याला आलं. रुग्णवाहिकेत बसवलेलं माणूस परत दिसलं ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, किंवा दिसलंच नाही. सीमाभागात तर आणखी एक गाठ होती. आई निपाणीला, मुलगी कागलला असेल तर मधलं अंतर वीसेक किलोमीटरचं. पण टाळेबंदीत राज्याची हद्द बंद होती. पुढं २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा अहवाल दाखवावा लागायचा. रक्षाविसर्जन काही अहवालासाठी थांबत नाही. ज्यांना जाता आलं नाही, त्यांच्या मनात ते अजून अडकलेलं असू शकतं.

यावर उपाय आहे, आणि त्याला उशीर कधीच होत नाही. पाच वर्षांनी घेतलेला निरोपही निरोपच असतो. घरात फोटो लावून त्या माणसाबद्दल सगळ्यांनी बोलावं, त्याच्या नावानं वाचनालयाला पुस्तकं द्यावीत, झाड लावावं, राहिलेला विधी करून घ्यावा. गावपातळीवर करायचं तर साधी सभा पुरते. गेलेल्यांची नावं एकामागून एक मोठ्यानं वाचायची. आकड्यात हरवलेल्या माणसाला त्यानं नाव परत मिळतं.

कच्छनं हे मोठ्या प्रमाणावर केलं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तेरा हजारांहून अधिक माणसं गेली. भुजच्या भुजियो डुंगरावर ‘स्मृतिवन’ उभं राहिलं. २०२२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथं झाडं आहेत, पाणी अडवणारे बंधारे आहेत आणि त्यांच्यापाशी १२ हजार ९३२ मृतांची नावं कोरली आहेत. किल्लारीतही स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला लोक जमतात. कोविडच्या मृतांसाठी मात्र असा एकही सर्वांचा दिवस ठरलेला नाही. तो सरकारनं ठरवेपर्यंत थांबायची गरज नाही. एखादी ग्रामपंचायत, तरुण मंडळ किंवा वाचनालयही तो ठरवू शकतं.

दुसरी गोष्ट : शेजार

किल्लारीनंतर सरकार हललं, पैसाही आला. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. भिंती मजबूत झाल्या, रस्ते रुंद झाले, वीज-पाण्याची सोय झाली.

पण घरं वाटली ती जमिनीच्या मालकीप्रमाणं. भूमिहीनांना आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. हिशेबाला हे सोपं होतं. पण त्यामुळं जुन्या गावात भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं नव्या गावात दूर दूर गेली. भावकी पांगली. ज्या अंगणात बायका निवडण-टिपण करत बसायच्या, ते अंगणच नव्या आराखड्यात नव्हतं. सरळ रेषेतले चौकोन, मधून रुंद रस्ता, आणि समोरच्या दारात कोण राहतं हे नव्यानं ओळखायचं. पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी पुढं नेमकं यावरच बोट ठेवलं.

दुःखाच्या काळात शेजार म्हणजे चैन नव्हे, तो औषधासारखा असतो. ‘तुझा दादा असा हसायचा’ हे सांगू शकेल असा माणूस शेजारीच असतो. नवीन वसाहतीत आठवण सांगायला माणूस मिळत नाही. म्हणून आता आपत्ती व्यवस्थापनातले जाणकार सांगतात की छावणीतही गल्ली मोडू नका. एका वाड्यातल्या कुटुंबांना शेजारी-शेजारी जागा द्या. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या ओळखीच्या चार माणसांबरोबर ठेवा. पूर आला की शाळेत किंवा कल्याण मंडपात लोकांना हलवतात, तिथंही हे सहज करता येतं. त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

मुलांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. मुलांचं दुःख मोठ्यांसारखं दिसत नाही. ती खेळता खेळता अचानक गप्प होतात, अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत, शाळेत भांडतात. त्यांना समजावण्यापेक्षा त्यांची शाळा, खेळ आणि झोपेची वेळ लवकर परत सुरू होणं महत्त्वाचं असतं. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन त्यांचं शिक्षण सुरू ठेवलं. आपलं गाव सोडून जाणं त्या मुलांना सोपं नव्हतं, पण एकाच भागातली, एकाच प्रसंगातून गेलेली शेकडो मुलं एकत्र होती आणि शाळा थांबली नाही.

तिसरी गोष्ट : हाताला काम

५२ गावं नव्यानं वसली, पण भूकंपानं भेगा पडलेली घरं त्याहून कितीतरी जास्त होती. दोन लाखांच्या आसपास घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. हे काम कंत्राटदाराकडं न देता घरमालकांनीच करायचं, पैसा हप्त्यांनी थेट त्यांना द्यायचा, असं ठरलं. पण कागद समजावणार कोण? गवंडी नीट काम करतो की नाही हे बघणार कोण?

इथं गावातल्या बाया पुढं आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं सरकारबरोबर काम करत एक हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. भिंतीत आरपार दगड कुठं घालायचा, सिमेंटचा पट्टा कुठून न्यायचा, हप्ता कधी मिळतो, अर्ज कुठं अडलाय, हे त्या शिकल्या आणि घरोघरी जाऊन सांगू लागल्या. चारचौघांत, पुरुषांसमोर बोलायची सवय नसलेल्या बायका तहसीलदारासमोर, इंजिनिअरसमोर उभ्या राहून प्रश्न विचारू लागल्या. पुढं यातूनच बचत गट उभे राहिले.

याला मानसोपचार असं कुणी म्हटलं नव्हतं. पण मनावर त्याचा परिणाम उपचारासारखाच होतो. आपत्ती माणसाला सांगते, ‘तुझ्या हातात काही नाही.’ हातात थापी, वही किंवा अर्ज आला की माणसाला कळतं, अगदीच काही नाही असं नाही. दुसऱ्याचा अर्ज भरून देणारी बाई स्वतःचं दुःख विसरते असं नाही, पण त्या दुःखाला वाहायला एक दिशा मिळते.

याच्या उलट प्रकार म्हणजे आपद्‌ग्रस्ताला नुसतं ‘घेणारा’ करून ठेवणं. ट्रक येतो, रांग लागते, कपडे फेकले जातात, फोटो निघतात. पोट भरतं, पण माणसाचा मान जातो. मदत करणाऱ्यांनी वाटपाचं काम गावातल्याच लोकांकडं सोपवलं, स्वयंपाक त्यांच्याच हातून करून घेतला, यादी त्यांनाच करू दिली, तरी मोठा फरक पडतो.

लातूरची भाकरी कच्छला

२००१ मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या काही बायका तिकडं गेल्या. भाषा वेगळी, वेश वेगळा, राज्य वेगळं. पण त्यांच्याकडं असं काही होतं, जे कुठल्याही अधिकाऱ्याकडं नव्हतं. ‘आमचंही असंच झालं होतं, आणि आम्ही उभ्या आहोत’ हे त्या आपल्या नुसत्या असण्यातून सांगू शकत होत्या. घर बांधताना काय बघायचं, हप्त्यासाठी कुणाच्या मागं लागायचं, गावाची जागा बदलायला लगेच ‘हो’ का म्हणू नये, हा अनुभव त्यांनी तिथल्या बायकांपुढं ठेवला. कच्छमध्ये बहुतेक गावं मूळ जागीच पुन्हा उभी राहिली, लोकांनी आपली घरं आपणच बांधली.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळतं. आपलं सगळं गाव सुतकात असेल तर भाकरी पलीकडच्या गावानं आणायची असते. आणि ती सर्वात चांगली आणतो तो, ज्यानं स्वतः कधीतरी अशीच भाकरी खाल्लेली असते. कच्छी बायकांना लातूरच्या बायकांनी आशेवर भाषण दिलं नाही. त्या समोर येऊन बसल्या, एवढंच. आशा बहुतेक वेळा अशी, दुसऱ्या माणसाच्या रूपानं येते.

शास्त्र काय म्हणतं?

२००७ मध्ये स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकारी तज्ज्ञांनी जगभरच्या आपत्तींचा अभ्यास एकत्र करून पाच गोष्टी मांडल्या. आपत्तीनंतरच्या मदतीची आजही त्यांवरच आखणी होते. सुरक्षित वाटणं, मन शांत होणं, आपण काही करू शकतो हा भरवसा, माणसांशी जोडलेलं असणं आणि आशा, अशा त्या पाच. यात आशा शेवटी आहे, हे लक्षात घ्यायला हवं. डोक्यावर छप्पर नाही, झोप नाही, हाताला काम नाही, जवळ माणूस नाही, अशा अवस्थेत ‘धीर धरा, सगळं ठीक होईल’ म्हणण्याला अर्थ नसतो. आधीच्या चार गोष्टी थोड्या थोड्या जमू लागल्या की पाचवीला जागा मिळते.

दुसरी गोष्ट : दुःखी माणसाला बळेच बोलतं करू नये. आपत्तीनंतर लोकांना एकत्र बसवून ‘काय घडलं ते सगळं सांगा’ असं एकदाच मोकळं करून घेण्याची पद्धत पूर्वी बरीच होती. आता जागतिक आरोग्य संघटना ती सुचवत नाही, कारण तिचा उपयोग दिसत नाही, काहींना उलट त्रास होतो. त्याऐवजी २०११ च्या मार्गदर्शिकेत तीन सोप्या पायऱ्या दिल्या आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय लागतंय ते पाहा. तो बोलला तर मधे न तोडता ऐका. मग त्याला घरच्यांशी, डॉक्टरांशी, योजनेशी जोडून द्या. डिग्री नसली तरी हे करता येतं.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं तर हे पुराव्यानिशी दाखवलं. स्थानिक, साध्या शिकलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि नैराश्याच्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला. हे संशोधन २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

तिसरी गोष्ट वेळेची. पहिल्या पंधरा दिवसांत गर्दी असते, मंत्री येतात, ट्रक येतात. दोन-तीन महिन्यांनी सगळे जातात आणि खरं दुःख तेव्हा बसायला येतं. पहिली दिवाळी, पहिला पाऊस, वर्षश्राद्ध हे दिवस जड जातात. २०१९ चा पूर पाहिलेल्या गावात ऑगस्टमध्ये रात्रभर पाऊस लागला की झोप उडते, पाणी कुठवर आलं हे बघायला माणसं उठतात. यात विचित्र काही नाही. मदत करायची असेल तर पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात आणि वर्षाच्या दिवशी जाऊन बसणं जास्त मोलाचं ठरतं.

सीमेवरची जास्तीची अडचण

सीमाभागातल्या माणसाला दुःखाबरोबर हद्दही सांभाळावी लागते. नदीचं पाणी एकच, पण पंचनामा दोन राज्यांच्या नियमांनी होतो. मेहुण्याला अलीकडं वेगळी मदत, बहिणीला पलीकडं वेगळी. भरपाईचे पैसे हा तर सगळीकडंच भांडणाचा विषय होतो. कुणाला मिळाले, कुणाला नाही, यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात. गावानं यादी चावडीवर सर्वांसमोर वाचली, तर अर्धे वाद तिथंच मिटतात.

भाषेचाही प्रश्न आहेच. अर्ज दुसऱ्या भाषेत भरून घेता येतो, पण रडणं मातृभाषेतच येतं. बेळगावचा असो, बडोद्याचा, इंदूरचा किंवा हैदराबादचा, मराठी माणसाला मनातलं सांगताना मराठी ऐकणारा माणूस मिळाला तर गाठ लवकर सुटते. या शहरांतली महाराष्ट्र मंडळं, वाचनालयं, भजनी मंडळं हे काम करू शकतात. महिन्यातून एक संध्याकाळ, ज्यांच्या घरी कुणी गेलंय त्यांनी एकत्र बसायचं. भाषण नाही, पाहुणे नाहीत, चहा आणि गप्पा. एवढ्यानंही सुरुवात होते.

डॉक्टरांकडं कधी जायचं?

बहुतेक माणसं औषधाशिवाय, आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात. पण काहींचं दुःख गोठून राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजार-वर्गीकरणानुसार सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोक रोजचं जगणंच अडवत असेल आणि तो त्या समाजाच्या रीतीपेक्षाही फार लांबत असेल, तर तो उपचार करण्याजोगा आजार मानला जातो. पुढच्या खुणा दिसल्या तर थांबू नये :

- आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, वजन उतरतंय.
- कामावर, शेतावर, शाळेत जाणं पूर्ण बंद झालंय.
- दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढत चालल्यात.
- माणूस कुणालाच भेटत नाही, स्वतःलाच दोष देत राहतो.
- ‘मी पण गेलो असतो तर बरं’ अशी भाषा येते. ही धमकी समजून सोडून देऊ नये. त्या माणसाला एकटं ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

मदतीसाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, आणि भाषा निवडता येते. त्यामुळं कर्नाटकात, गुजरातेत किंवा मध्य प्रदेशात राहत असलात तरी मराठीत बोलायचंय असं सांगायला संकोच नको. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या धोक्यात ११२ हे क्रमांक आहेत.

प्रत्यक्ष जायचं झालं तर आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात विचारावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती तिथं मिळते. मोठ्या सरकारी संस्थांपैकी बेळगाव भागाला धारवाडची डिमहान्स जवळची आहे. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, हैदराबादेत एर्रागड्डाची. इंदूरला बाणगंगा इथं, ग्वाल्हेर आणि बडोद्यातही सरकारी मानसिक रुग्णालयं आहेत. तिथं गेलं म्हणजे ‘वेडा’ ठरलो, ही समजूत आता तरी सोडायला हवी. ताप उतरत नसेल तर आपण दवाखान्यात जातोच.

आज काय करता येईल?

पुढचा पूर कधी येईल, हे कुणी सांगू शकत नाही. नदीकाठच्या गावांना दर पावसाळ्यात ही धास्ती आहे. पण काही तयारी आधीच करता येते. गल्लीतली एकटी म्हातारी माणसं, गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांची यादी करून ठेवावी. पाणी चढलं तर कुठली गल्ली कुठं जाणार, हे ठरवावं. पलीकडच्या उंचावरच्या गावाशी आधीच बोलून ठेवावं की वेळ आली तर पहिलं जेवण तुमच्याकडून. कागदपत्रांच्या झेरॉक्स पाहुण्यांकडं ठेवाव्यात.

आणि ज्या घरात २०१९ किंवा २०२१ पासून कुणीतरी कमी आहे, त्या घरी एकदा जाऊन यावं. ‘आता बरंय ना?’ असं विचारण्यापेक्षा गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एखादी आठवण सांगावी. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यावं. जाताना डब्यात काहीतरी घेऊन जावं.